'कोहिनूर' आणि मराठीची बंद दारे

इसवी सन २०१९ च्या ऑक्टोबर महिन्यात अंधेरी पूर्वेकडील जे. बी. नगरात वाढलेल्या एका तरुणाचा पहिला अल्बम प्रसिद्ध झाला. अल्बमचे नाव 'कोहिनूर'. कर्त्याचे नाव विवियन फर्नांडिस. आणि ज्या नावाने घरोघरची मुले त्यांना ओळखतात ते नाव 'डिव्हाइन'. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, त्यांच्या आणि कुर्ल्याचे नावेद शेख ऊर्फ 'नेझी' यांच्या जीवनावरून स्फुरलेला 'गली बॉय' हा चित्रपट पडद्यावर आला होता. पुढील वर्षी त्याला तेरा फिल्मफेअर पारितोषिके मिळाली आणि गीतलेखनाच्या पारितोषिकात फर्नांडिस यांचा वाटा होता. हिंदी चित्रसृष्टीने या वाणीची दखल घेतली, इंग्रजी वृत्तपत्रांनी घेतली, अमेरिकेतील ख्यातनाम रॅपर नास यांच्या 'मास अपील' कंपनीनेही घेतली. प्रश्न एवढाच उरतो, की ज्या उपनगरात ही वाणी उगवली, त्याच उपनगरात सोसायट्या बांधून राहिलेल्या सुशिक्षित मराठी समाजाने तिची कोणती दखल घेतली? मराठी मासिकांतून कादंबऱ्यांची, काव्यसंग्रहांची, नाटकांची परीक्षणे नेमाने येतात. या अल्बमचे चार पानी परीक्षण एखाद्या मराठी मासिकात वाचल्याचे किती वाचकांना आठवते? आमचा हा लेख त्या मौनाविरुद्ध आहे.

मौनाचे समर्थन करणारांचे दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष नाके मुरडणारांचा. 'हे संगीत नव्हे आणि काव्यही नव्हे. हा केवळ गोंगाट आहे,' असा त्यांचा निकाल आधीच लागलेला असतो. तो बहुधा अल्बम ऐकण्यापूर्वीच लागतो, म्हणून त्यास निकाल म्हणण्यापेक्षा पूर्वग्रह म्हणणे अधिक सयुक्तिक. दुसरा पक्ष कौतुक करणारांचा. 'पाहा, गल्लीतला मुलगा कुठल्या कुठे पोचला!' असे म्हणून तो टाळी वाजवितो आणि पुढे जातो. आमच्या मते या दोहोंत दुसरा पक्ष अधिक घातक आहे. पहिला निदान कलाकृतीवर रागावतो तरी. दुसरा तिच्याकडे पाहतच नाही, तो केवळ कर्त्याच्या गरिबीकडे पाहतो. ज्याच्या रचनेतील यमक फसले की साधले, कल्पना ताजी की शिळी, हे आपण विचारीत नाही, त्यास आपण कवी मानलेलेच नसते. टीका न करणे हा येथे मोठेपणा नसून अपमान आहे.

आता ही वस्तू मुळात काय आहे ते पाहू. हिप-हॉपचा जन्म न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागात झाला; ११ ऑगस्ट १९७३ हा त्याचा जन्मदिवस मानला जातो. त्या दिवशी जमैकाहून आलेल्या कुटुंबातील एका तरुणाने, 'डीजे कूल हर्क' याने, आपल्या बहिणीच्या समारंभात तबकड्या वाजविल्या. गाण्यातील ज्या तुकड्यात केवळ तालवाद्ये उरतात, तो तुकडा दोन तबकड्यांवर आलटून पालटून लांबविण्याची युक्ती त्याने रूढ केली. त्या लांबविलेल्या तालावर कोणी बोलू लागले, बोलता बोलता यमके जुळवू लागले, आणि रॅप उभे राहिले. काळ्या अमेरिकन वस्तीतील ज्या मुलांना वाद्ये विकत घेण्याची ऐपत नव्हती, त्यांनी तबकडीचेच वाद्य केले.

याची घडण ज्यांना ठाऊक नाही त्यांनाच ती सोपी वाटते. रॅपचे कडवे रूढीने सोळा ओळींचे. ओळीस चार ठोके. आमच्या कहरव्याच्या आठ मात्रा दोन-दोन करून मोजल्या म्हणजे हाच हिशेब हाती येतो. या चौकटीत कवीने बोलण्याची नैसर्गिक लय राखून शब्द बसवावयाचे असतात. कोठे ठोक्याच्या किंचित आधी यावयाचे, कोठे मुद्दाम मागे रेंगाळावयाचे, यमक केवळ शेवटी न ठेवता ओळीच्या पोटातही पेरावयाचे. माधव जूलियनांनी 'छंदोरचने'त मराठी पद्याच्या चालींचा जो सूक्ष्म विचार केला, तो ज्यांनी वाचला आहे, त्यांना या खटाटोपाचे मोल सांगण्याची आवश्यकता नाही. शब्दांइतकेच महत्त्व ज्यावर ते बसतात त्या ठेक्याचे, म्हणजे बीटचे. ती रचणारास प्रोड्युसर म्हणतात. डिव्हाइन आणि नेझी यांचे २०१५ सालचे 'मेरे गली में' हे गाणे मुंबईच्या गल्लीचे खरे, परंतु त्याची बीट दिल्लीच्या 'सेझ ऑन द बीट' या प्रोड्युसरने रचलेली होती. पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरील वस्तीतून आलेले 'एमसी स्टॅन' यांनी २०२० साली आपल्या पहिल्या अल्बमच्या बीटही स्वतःच रचल्या. आणि नेझी यांनी २०१४ साली आपले 'आफत' हे गाणे ध्वनिमुद्रित केले ते एका आयपॅडवर. चित्रणही त्यावरच केले. स्टुडिओ नाही, वाद्यवृंद नाही, ओळख नाही. हातातील एका पाटीएवढ्या यंत्रावर ज्यास आपले काव्य जगापुढे मांडता येते, त्याच्या कलेस केवळ चैन म्हणता येईल काय?

पहिला आक्षेप असा, की यात गाणे नाही, नुसते बोलणे आहे. हा आक्षेप मराठी माणसाने घ्यावा याचे आम्हांस नवल वाटते. डफ-तुणतुण्याच्या ठेक्यावर शाहीर जे म्हणतो ते अर्धे गाणे आणि अर्धे बोलणेच असते. त्या शाहिरांची गत पूर्वी काय होती? पोवाडे दीर्घकाळ गोंधळ्यांच्या व शाहिरांच्या तोंडीच राहिले होते. १८९१ साली हॅरी ॲक्वर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ते जमवून छापले, तेव्हा सुशिक्षितांना आपल्याच घरातील हे धन पुस्तकरूपाने दिसले. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर ही नावे आज विद्यापीठाच्या परीक्षापत्रिकेत येतात. त्यांच्या हयातीत त्यांच्या फडाकडे पाहून नाक मुरडणारांची नावे मात्र आज कोणाच्या स्मरणात नाहीत.

परंतु येथे एक सावधगिरीचा इशारा देणे भाग आहे. 'रॅप म्हणजे आमचा पोवाडाच. बॅटल म्हणजे आमचा कलगी-तुराच. हे सारे आमच्याकडे होतेच,' असे म्हणून समाधानाने पाय पसरण्याची एक खोड आमच्या समाजास जडलेली आहे. आम्ही तिचा निषेध करितो. सादृश्य खरे आहे; वंशावळ खोटी आहे. अंधेरीच्या मुलाने ही विद्या प्रभाकराकडून घेतली नाही, ब्रॉन्क्सच्या मुलांकडून घेतली. त्यांचे ऋण त्यांनाच दिले पाहिजे. सादृश्याने एवढेच सिद्ध होते की ही कला समजून घेण्याची साधने मराठी रसिकाजवळ तयार आहेत. साधने असून जो वापरीत नाही त्याचा दोष अधिक मोठा.

दुसरा आक्षेप ग्राम्यतेचा. या गाण्यांत शिव्या आहेत, गुंडगिरीचे शब्द आहेत, ही मुलांच्या कानांवर पडू नयेत, असे पालक म्हणतात. पालकांच्या काळजीचा आम्ही उपहास करणार नाही. परंतु शब्द ग्राम्य असणे आणि काव्य हीन असणे या भिन्न गोष्टी आहेत. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' निघाला. विजय तेंडुलकरांनी त्यास प्रस्तावना लिहिली आणि त्या जगाचे अनेक शब्द आपणांस अपरिचित असल्याचे तीत मोकळेपणाने सांगितले. नाट्यक्षेत्रात अग्रगण्य असलेला लेखक एका तरुण कवीसमोर शब्दार्थ विचारीत बसला, हा मराठी टीकेच्या इतिहासातील एक उदात्त प्रसंग आहे असे आम्ही समजतो. आज तसा अर्थ विचारणारा कोण आहे? जेथे खरोखर हीनता आहे, उदाहरणार्थ स्त्रीस केवळ भोगवस्तू किंवा विजयचिन्ह म्हणून उभे करण्याची जी खोड या साऱ्या पंथास अमेरिकेपासून लागलेली आहे, तेथे कोरडे ओढलेच पाहिजेत. परंतु ते ओढण्याचा अधिकार ऐकणारास आहे, कानांवर हात ठेवणारास नाही.

आता 'कोहिनूर'कडे वळू. या अल्बमचा, आणि फर्नांडिस यांच्या एकूण रचनेचा, पहिला गुण म्हणजे पत्ता. बहुतेक चित्रपटगीतांना पत्ता नसतो. त्यांतील प्रेमी कोणत्या गावी राहतात, भाडे किती देतात, कोणालाच ठाऊक नसते. फर्नांडिस यांच्या काव्यास पत्ता आहे, इतकेच नव्हे तर पिनकोडही आहे. ४०००५९ या आपल्या टपाल विभागातील '५९' हा आकडा ते निशाणासारखा मिरवितात. 'रिमांड', 'गांधी मनी', 'चल बॉम्बे' ही अल्बममधील गाण्यांची नावेच पाहावी: एक पोलीस चौकीतून आलेले, एक खिशातील नोटेवरून, एक शहराच्या हाकेतून. दुसरा गुण म्हणजे आवाजाचे वजन. शब्द फेकताना ते घाई करीत नाहीत. ठोक्यावर पाय रोवून उभे राहतात. तिसरा गुण भाषेचा. चाळीत, रिक्षात, लोकलच्या दारात जी हिंदी बोलली जाते, तीच त्यांनी काहीही न सजविता पद्यात आणली.

दोषही तितकेच स्पष्ट आहेत. अल्बमचे नावच आत्मस्तुतीचे आहे. कवीने काव्यात आपले नाव घालणे यात नवे काही नाही; 'तुका म्हणे' ही मुद्रा प्रत्येक मराठी मुलास पाठ आहे. परंतु तुकोबांच्या अभंगात नाव येते ते साक्षीदार म्हणून. जे म्हटले त्याची जबाबदारी घेण्यास ते पुढे होते. रॅपमध्ये नाव येते ते बहुधा निशाण म्हणून. जे मिळविले त्यावर ते रोवले जाते. 'मी कोठून निघालो आणि कोठे पोचलो' हा रस प्रथम ऐकताना वीररसासारखा वाटतो. पाचव्या गाण्यात तो हिशेबाच्या वहीसारखा वाटू लागतो. पोचलेला मनुष्य मागे राहिलेल्या गल्लीविषयी काय म्हणतो, हा प्रश्न 'कोहिनूर'ने उभा केला. त्याचे पुरते उत्तर मात्र दिले नाही. मूळ कोहिनूर हिरा १८४९ साली लाहोरच्या तहाने इंग्रजांच्या हाती गेला आणि परत आला नाही. ज्या कलावंताने हे नाव घेतले, त्याने आपलाही हिरा मोठ्या कंपन्यांच्या कोंदणात कायमचा अडकून पडत नाही ना, हे पाहिले पाहिजे.

आणि येथे आम्ही मुख्य मुद्द्यापाशी येतो. हा मुद्दा फर्नांडिस यांचा नाही. तो मराठीचा आहे.

ज्या उपनगरांना मध्यमवर्ग केवळ फ्लॅटच्या दराने ओळखतो, त्या उपनगरांस शाहिरीचा मोठा इतिहास आहे. घाटकोपरच्या चिराग नगरातील झोपडीत अण्णा भाऊ साठे राहत होते. शाळेचे तोंड त्यांनी जेमतेम पाहिले असेल, पण १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. 'मुंबईची लावणी' आणि 'माझी मैना गावावर राहिली' यांचा कर्ता तोच. त्याच घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली, आणि त्या आघाताने चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत जीवनाचा अंत केला. म्हणजे चिराग नगरापासून मुलुंडपर्यंतच्या वस्त्यांनी आपले दुःख व आपला संताप गाऊन सांगितला, तो मराठीत सांगितला. पुढल्या पिढीच्या तोंडून तोच संताप हिंदीत का उमटला?

फर्नांडिस यांनी मराठीत लिहावे असा आमचा आग्रह नाही. कवीने ज्या भाषेत स्वप्ने पडतात तीत लिहावे. परंतु ज्यांची नावे-आडनावे मराठी घरांची साक्ष देतात त्यांचे काय? 'डी-ईव्हिल' या नावाने प्रसिद्ध असलेले धवल परब हिंदीत रॅप करतात. कुणाल पांडागळे यांनी तर टोपणनाव घेतले तेच 'काम भारी', म्हणजे दोन्ही शब्द मराठी. पण त्यांची कडवी हिंदी. एमसी स्टॅन यांच्या त्या पहिल्या अल्बमचे नाव 'तडीपार', हा शब्द आपल्या पोलिसी मराठीतील. आतील रचना हिंदी. 'राडा', 'भिडू', 'वाट लागणे' हे मराठीचे शब्दधन मुंबईच्या हिंदीत सुखाने नांदते आहे. दारावर पाटी मराठीची, आत बिऱ्हाड हिंदीचे, अशी ही स्थिती आहे.

कोणी म्हणेल, हा बाजाराचा न्याय आहे. हिंदीस श्रोते अधिक, म्हणून मुले हिंदीत लिहितात. हे अंशतः खरे आहे, पण अंशतःच. पंजाबी रॅपरांना श्रोत्यांच्या संख्येची भीती वाटली नाही, तमिळांना वाटली नाही. बाजार हा एकच न्यायाधीश असता तर त्या भाषांत रॅप निघालेच नसते. दुसरे कारण आम्ही स्पष्ट सांगतो. मराठीचा दरवाजा मराठीच्याच राखणदारांनी लावून घेतला. वस्तीतील मुलाने तोंड उघडले की त्याचे 'ण' आणि 'न' तपासावयाचे. मालवणी, आगरी अथवा वऱ्हाडी हेल ऐकला की हसावयाचे. मरोळ-चकाल्याच्या जुन्या गावठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक घरात मराठीचीच एक बोली बोलतात, हे ठाऊकही करून घ्यावयाचे नाही. शाळेत 'शुद्ध' मराठी म्हणून जे शिकविले जाते ते त्या मुलास परीक्षेपुरते परके वाटते. मुंबईची हिंदी मात्र त्याचे व्याकरण तपासीत नाही. ती सर्वांची आणि कोणाचीच नाही. तीत चुकण्याची भीती नाही. जेथे हसे होण्याचे भय नसते तेथेच मनुष्य कविता करू लागतो. मुले मराठी सोडून गेली नाहीत. त्यांना उंबऱ्यावर उभे करून ठेविले गेले, आणि ती शेजारच्या घरी गेली.

दार उघडले तर काय होते याचे उदाहरणही जवळच आहे. 'स्वदेसी' या मुंबईच्या रॅपर-मंडळाने २०१९ साली आरे वनातील वारली कलावंत प्रकाश भोईर यांच्यासह 'वारली रिव्होल्ट' हे गाणे केले. जंगल वाचविण्याच्या लढ्याचे ते गाणे होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ज्या महिन्यात 'कोहिनूर' निघाला त्याच महिन्यात, मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत रातोरात झाडे पाडण्यात आली आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर रोजी पुढील तोड थांबविली. आरेच्या पाड्यातील माणूस आणि शहरातील रॅपर एका ठेक्यावर उभे राहू शकतात, हे त्या गाण्याने दाखविले. त्यात 'मी' थोडा आणि 'आम्ही' फार आहे. 'कोहिनूर'मध्ये जे आम्हांस उणे वाटले ते येथे आहे. आणि 'कोहिनूर'मधील आवाजाची तालीम येथे आणखी असती तर बरे झाले असते. टीका म्हणजे असे दोन कृती शेजारी ठेवून पाहणे. मराठी मासिकांनी ते केले पाहिजे.

२०२४ साली 'तांबडी चामडी' आणि 'गुलाबी साडी' या मराठी गाण्यांवर परप्रांतांतील लोकही नाचले, तेव्हा पुष्कळांना वाटले की मराठीचा प्रश्न सुटला. नाचणे आनंदाचे आहे. आम्ही त्यास आडवे येणार नाही. परंतु ज्या भाषेत केवळ नाचता येते आणि भांडता येत नाही, रिमांडची रात्र सांगता येत नाही, घरभाड्याचा व पाण्याचा हिशेब मांडता येत नाही, ती भाषा शहराची राहत नाही. ती सणासुदीची होते. मुंबईचे अधिकृत नाव १९९५ साली बदलले म्हणून अभिमान बाळगणारांनी हे ध्यानात घ्यावे. पाटीवरील नाव शासकीय आदेशाने बदलते. गल्लीची भाषा मात्र आदेशाने येत नाही.

मग करावे काय? कामे लहान आहेत आणि हातची आहेत. बोरिवली, मुलुंड, पार्ल्याच्या व्याख्यानमालांत एक दिवस या कवींना बोलवावे, आणि ते सत्कारासाठी नव्हे तर त्यांच्या रचनेवर प्रश्न विचारण्यासाठी. गणेशोत्सवाच्या मंडपात ज्या ध्वनिक्षेपकावरून चित्रपटगीते अहोरात्र वाजतात, तेथे वस्तीतील मुलामुलींच्या स्वरचित मराठी रॅपची एक स्पर्धा ठेवावी आणि तिच्या परीक्षकांनी उच्चार तपासू नयेत, लय तपासावी. मराठीच्या शिक्षकांनी यमक व अनुप्रास शिकविताना एक उदाहरण विद्यार्थ्यांच्या कानातील यंत्रातूनही घ्यावे. ग्रंथालयांत नवकवितेचे कपाट आहे, तेथे या रचनांच्या संहिताही ठेवाव्या. आणि मासिकांनी परीक्षणे छापावी: कठोर, सविस्तर, नावानिशी, जशी ती कोणत्याही कवीच्या पहिल्या संग्रहाची छापली जातात.

घरात मुलगा कानात यंत्र घालून मान हलवीत बसलेला दिसला, तर पालकांनी 'बंद कर ते' म्हणण्यापूर्वी एकदा 'काय म्हणतो आहे तो?' असे विचारावे. मुलगा जे सांगेल ते कदाचित आवडणार नाही. न आवडल्यास तसे म्हणावे आणि का ते सांगावे; मुलगा उलट उत्तर देईल, त्यासही उत्तर द्यावे. साहित्यचर्चा म्हणतात ती हीच, आणि तिचा आरंभ अंधेरीच्या एखाद्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात झाला तर तिचे महत्त्व रतिभरही कमी होत नाही. उद्याचा अण्णा भाऊ चिराग नगरातून येईल, जे. बी. नगरातून येईल, की आरेच्या पाड्यावरून, हे कोणी सांगावे? तो कोणत्या भाषेत बोलेल हे मात्र दार उघडे आहे की बंद, यावरच ठरणार आहे.